पडद्यावरची स्वमग्नता आणि आपल्या घरातले मूल

स्वमग्नतेविषयी, म्हणजे इतरांशी संवाद आणि व्यवहार वेगळ्या रीतीने घडवणाऱ्या ऑटिझम या मेंदूच्या विकासातील अवस्थेविषयी, चित्रपट, मालिका आणि बातम्यांतून घरोघर पोहोचलेल्या समजुतींबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना स्वमग्नतेचे निदान झाले. तो मोजकेच शब्द बोलतो. सिनेमे पाहिलेले नातेवाईक मला विचारतात, ‘याच्यात कोणती खास देणगी आहे?’ कोणी त्याला तारीख सांगून वार विचारते, तर कोणी पाढे म्हणायला लावते. त्याला ते जमत नाही असे दिसले की त्यांचे चेहरे उतरतात. अलीकडे मीही त्याच्याकडून कॅलेंडर पाठ करून घेऊ लागले आहे. त्या वेळी तो कान झाकून घेतो. त्याची देणगी शोधण्यात मी कमी पडते आहे का?
— एक आई, सांगली

उत्तर : नाही, आपण कमी पडत नाही आहात. कॅलेंडरचा सराव मात्र कृपया आजच थांबवावा. कान झाकून घेणे हे आपल्या मुलाचे स्पष्ट उत्तर आहे आणि ते शब्दांत आले नाही म्हणून त्याचे वजन कमी होत नाही.

नातेवाइकांच्या या अपेक्षेचे मूळ बऱ्याच अंशी एका चित्रपटात आहे. १९८८ साली आलेल्या ‘रेन मॅन’ या अमेरिकन चित्रपटात डस्टिन हॉफमनने रंगवलेला रेमंड क्षणात आकडेमोड करतो आणि खेळातले पत्ते लक्षात ठेवतो. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले आणि स्वमग्नता हा शब्दही न ऐकलेल्या कोट्यवधी प्रेक्षकांच्या मनात ‘स्वमग्न म्हणजे विलक्षण स्मरणशक्तीचा माणूस’ हे समीकरण पक्के बसले. त्यापूर्वी पडद्यावर अशी माणसे जवळजवळ दिसतच नव्हती, हे त्या चित्रपटाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण ज्यांच्यावरून पटकथालेखकाला ही कल्पना सुचली, ते सॉल्ट लेक सिटीचे किम पीक यांची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा तंतूंचा पट्टा जन्मतःच नव्हता, आणि त्यांची मूळ अवस्था स्वमग्नतेची नसून एक वेगळा जनुकीय विकार असावा, असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. हजारो पुस्तकांतला मजकूर त्यांच्या लक्षात असे, मात्र सदऱ्याची बटणे लावायला त्यांना मदत लागे आणि त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षे त्यांचा सांभाळ केला. जगाने त्यातला पहिला भाग उचलला. दुसरा भाग, जो आपल्यासारख्या घरांना ओळखीचा वाटला असता, तो मागे राहिला.

स्वमग्न व्यक्तींपैकी काहींना संगीतात, चित्रकलेत किंवा आकडेमोडीत असाधारण गती असते हे खरे आहे. वारंवार दिला जाणारा अंदाज दहांत एकाचा आहे, आणि तो धरला तरी उरलेले नऊ जण आपल्या आवडीनिवडींसह साधेच असतात. कोणाला बोलता येते, कोणाला येत नाही; कोणी अभियंता होतो, तर कोणाला आयुष्यभर चोवीस तास सोबत लागते. हा पट इतका विस्तीर्ण आहे म्हणूनच २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने अ‍ॅस्पर्जरसह (बोलणे सहसा सुरळीत असलेला प्रकार) पूर्वीची वेगवेगळी नावे एका वर्णपटाखाली आणली.

आपल्याकडील चित्रपटांनीही निवडक बाजूच दाखवली. ‘माय नेम इज खान’ (२०१०) मधला अ‍ॅस्पर्जर असलेला नायक कोणतीही बिघडलेली वस्तू दुरुस्त करतो आणि अखेरीस संकटात सापडलेल्या गावाच्या मदतीला धावतो. ‘बर्फी’ (२०१२) मधली झिलमिल प्रौढ असूनही निरागस बालिकेसारखी रंगवली आहे. एकाला अलौकिक गुण दिला, दुसरीला निष्पापपणा, म्हणजे प्रेक्षकाला त्यांच्यावर प्रेम करणे सोपे जाते. माझा खरा आक्षेप येथे आहे. कोणताही गुण न दाखवता, केवळ माणूस म्हणून, सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क या मुलांना आहे, आणि ‘देणगी कोणती’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी तो हक्क नकळत अटीवर आणून ठेवतो. शाळेत शेजारी बसणारी शॅडो टीचर, रोजची कामे शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचा खर्च, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात घालवलेले दिवस, ‘आमच्या मागे याचे कोण’ ही रात्री झोप उडवणारी चिंता, यांपैकी काहीही पडद्यावर फारसे येत नाही.

मुलाचे लक्ष स्वतःहून कशात रमते ते पाहावे. ते पाण्याची धार असो, पंख्याचे फिरणे असो किंवा एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकणे असो, तेथे त्याच्याजवळ जाऊन बसावे. शब्द मोजके असतील तर चित्रकार्डे किंवा टॅबलेटवरील संवादाचे अ‍ॅप यांविषयी आपल्या स्पीच थेरपिस्टशी बोलावे. अशा साधनांमुळे मूल बोलायचे राहील ही भीती निराधार आहे. नातेवाइकांनी पुन्हा विचारले तर त्याला काय आवडते आणि कशाचा त्रास होतो, एवढे त्यांना सांगावे.

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले आहे. सूनबाई आयटी कंपनीत नोकरी करतात. मोबाइलमुळे मुलांना ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ होतो, अशी बातमी घरात वाचली गेल्यापासून सर्व दोष त्यांच्यावर येतो आहे. शिवाय लसीमुळे असे होते म्हणून धाकट्या नातीची गोवर-रुबेलाची लस थांबवावी, असे काही जण म्हणतात. घरातला मोठा म्हणून मी काय भूमिका घ्यावी?
— एक आजोबा, चिंचवड

उत्तर : आपण सूनबाईंच्या बाजूने, सर्वांसमोर आणि निःसंदिग्धपणे उभे राहावे.

आईला दोष देण्याची ही रीत जुनी आहे आणि तिच्यात वृत्तपत्रे व नियतकालिकांचा वाटा मोठा आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोर येथे अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी पालकांच्या अलिप्त स्वभावाचाही उल्लेख केला होता. १९४८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘गोठलेली मुले’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली तो सूर लोकांपर्यंत नेला. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांनी आईच्या थंडपणातून ही अवस्था उद्भवते हे मत १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकातून पसरवले आणि एका पिढीतील मातांनी नसलेल्या अपराधाची शिक्षा भोगली. वास्तविक बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ मध्येच या मताला सप्रमाण विरोध केला होता. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या अकरांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडांना स्वमग्नता होती, तर भिन्न जुळ्यांच्या दहांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. तेव्हापासून जनुकीय कारणांचा पुरावा वाढतच गेला आहे. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या मेळाव्यात त्यांना दोषमुक्त जाहीर केले.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे कोणत्याही मान्य निदानपुस्तिकेतील निदान नाही. अतिरेकी स्क्रीनमुळे लहान मुलांचे बोलणे लांबू शकते आणि दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवूच नये, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. तो प्रत्येक घराने पाळावा. परंतु पुष्कळदा घडते ते उलट असते : माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा ठरलेल्या क्रमाने हलणारी चित्रे ज्या मुलाला सोपी वाटतात, ते मूल मोबाइलकडे अधिक ओढले जाते, आणि मग ओढीलाच कारण समजले जाते.

लसीची अफवा १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या केवळ बारा मुलांवरील निबंधातून निघाली. त्यातील गैरप्रकार एका पत्रकारानेच उघड केले, २०१० मध्ये निबंध मागे घेण्यात आला आणि वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिला जातो, आणि मूल हाकेला प्रतिसाद देत नाही, बोट दाखवत नाही, हे पालकांच्या लक्षात येण्याचे वयही साधारण तेच असते. त्यामुळे संबंध नसताना तो असल्यासारखा वाटतो. नातीची लस वेळेवर द्यावी.

प्रश्न : आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवत आहोत. तिच्यातील नायिकेचा भाऊ स्वमग्न आहे. साचेबंद चित्रण टाळण्यासाठी काय करावे?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पात्र फक्त ‘नायिकेचा भाऊ’ आहे का, हे आधी तपासा. तिला समजूतदार ठरवण्यापलीकडे त्याला संहितेत काही हवे असते का? त्याला कोणाचा राग येतो, कशाचा कंटाळा येतो? उत्तर मिळत नसेल तर पात्र अजून लिहून झालेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालात, दृश्य माध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणासाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. अपंग व्यक्तींची टिंगल करू नये, तसेच त्यांना अचाट शक्तीचे नायकही बनवू नये, आणि निर्मितीच्या प्रक्रियेत त्यांना सहभागी करून घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल चित्रपटाच्या संदर्भातील असला तरी रंगमंचाने तो अवश्य वाचावा.

स्वमग्न माणसाला भावना नसतात, हा समजही संहितेत शिरू देऊ नका. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन तितकेच वाचता येत नाही. नाटकासाठी ही फार मोलाची जागा आहे. भाऊ अचानक ओरडतो एवढेच दाखवले तर प्रेक्षक त्याला घाबरतील; पण त्याआधी मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटची फडफड आणि तिघांचे एकाच वेळी बोलणे प्रेक्षकांच्याही कानांवर आदळले, तर ओरडण्याचे कारण त्यांना उमगेल. यासाठी संवाद लागणार नाहीत, प्रकाश आणि ध्वनी पुरतील.

नटाने हात हलवण्याची किंवा मान वाकडी करण्याची नक्कल व्हिडिओ पाहून उचलू नये. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये अशा भूमिकांसाठी स्वमग्नता, डाउन सिंड्रोम अशा अवस्था असलेल्या कलाकारांनाच घेतले होते, तुमच्या महाविद्यालयातही एखादा स्वमग्न विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी रंगमंचावर यायला उत्सुक असेल. मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते किंवा होतच नाही, म्हणून भावाऐवजी बहीण स्वमग्न असल्याचा विचारही करून पाहा. पहिला खर्डा झाला की तो स्वमग्न प्रौढांना वाचायला द्या, त्या वाचनाचे मानधन द्या, आणि त्यांनी खोडलेले प्रसंग तालमीला सुरुवात होण्यापूर्वी बदला.