सहा षटकांनंतरचा गोलंदाज

कँटरबरी, केंट

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येत्या रविवारी तुम्ही चौघे केंट आणि ससेक्स या परगण्यांच्या (काउंटींच्या) पंधरा वर्षांखालील संघांचा सामना पाहायला जाणार आहात, आणि प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम नुकताच सुरू केला असल्यामुळे तेथे नेमके काय पाहावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर तुला थोडे विचित्र वाटेल. धावफलकाकडे कमी पाहा आणि गोलंदाज बदलला जाईल त्या क्षणाकडे अधिक.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका सामन्याला मी मित्रांसोबत गेलो होतो. एका उंच मुलाने पहिल्या सहा षटकांत दोन बळी घेतले, चेंडू सुरेख बाहेर जात होता, आणि कर्णधाराने त्याला थांबवले. दादर-शिवाजी पार्कात वाढलेला माझा मित्र खुर्चीतून जवळजवळ उठलाच. त्याला तो कर्णधाराचा भित्रेपणा वाटला. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये त्या वयाच्या वेगवान गोलंदाजाला सलग सहाच षटके टाकता येतात, दिवसभरात बाराच, आणि त्याच टोकाकडून तेवढीच षटके इतरांनी टाकून होईपर्यंत त्याला पुन्हा चेंडू हाती घेता येत नाही. वाढत्या वयात पाठीच्या मणक्यांची हाडे पुरती पक्की झालेली नसतात आणि अतिश्रमाने त्यांना बारीक तडे जातात, म्हणून हा नियम आहे. पण तुझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते यातून उभे राहणारे गणित: चौदा-पंधरा वर्षांच्या कर्णधाराला आपल्या सर्वोत्तम गोलंदाजाची बारा षटके आधी खर्चायची की राखून ठेवायची, हे स्वतः ठरवावे लागते. त्या दिवशीच्या कर्णधाराने दोनच षटके शेवटासाठी राखली असती, तर मी त्याला अधिक गुण दिले असते. त्याने सगळी सहा राखली आणि मधल्या वेळात फलंदाज जम बसवून गेले. तरीही निर्णय त्याचा होता, आणि सीमारेषेबाहेरून कोणी त्याला सुचवले नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

पहिला तास गोलंदाजाच्या मागे, साइटस्क्रीनच्या (फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून सीमारेषेवर उभ्या केलेल्या मोठ्या पडद्याच्या) बाजूला बस, म्हणजे चेंडूची दिशा दिसेल. नंतर खेळपट्टीच्या काटकोनात जा. टप्पा तेथूनच कळतो. गोलंदाज धावत येत असताना साइटस्क्रीनसमोरून चालू नकोस. फिरकी गोलंदाजाचे चेंडू आखूड पडू लागले, तर घाईने त्याला नावे ठेवू नकोस: तेराव्या वर्षापर्यंत ही मुले सुमारे 135 ग्रॅमच्या चेंडूने खेळतात, आणि 156 ग्रॅमचा मोठ्यांचा चेंडू हातात येऊन त्यांना फार काळ झालेला नसतो. बोटांना ते वजन अजून अनोळखी असते.

आणखी एक फरक तुझ्या लक्षात यावा. मुंबईत गाइल्स किंवा हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धांत उतरणारी मुले एकाच शाळेची असतात, वर्षभर एकत्र सराव करतात. आझाद मैदानावर 1988 साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा एकमेकांची धाव घेण्याची सवय त्यांना पाठ होती. परगण्याच्या संघातले अकरा जण मात्र निरनिराळ्या क्लबांतून निवडून आलेले असतात आणि एरवी शनिवार-रविवारी एकमेकांविरुद्धच खेळतात. म्हणून धाव घेताना त्यांच्या हाका ऐक. पहिल्या दहा षटकांत त्या तुटक असतात. जेवणानंतर सुधारल्या, तर त्या संघाला चांगला प्रशिक्षक लाभला आहे असे समज.

मित्रांशी गप्पा होणारच, आणि व्हाव्यातही. इथल्या कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानावर पूर्वी सीमारेषेच्या आत उभ्या असलेल्या आणि 2005 च्या जानेवारीत वादळाने पडलेल्या त्या लिंबाच्या झाडाची गोष्ट (आपले लिंबू नव्हे, इंग्रज ज्याला लाइम म्हणतात तो मोठा वृक्ष, आणि चेंडू त्याला लागला की चार धावा मिळत) कोणीतरी सांगेलच. राहुल द्रविड 2000 साली केंटकडून खेळला, हेही निघेल. हे सारे चहाच्या वेळेसाठी ठेवा. खेळ चालू असताना मात्र मोबाइलवर धावसंख्या पाहण्यापेक्षा साध्या वहीत प्रत्येक षटकापुढे गोलंदाजाचे नाव लिहीत जा आणि तो का बदलला, याचा अंदाज त्याच वेळी नोंदव. तो अंदाज नंतर खोडू नकोस.

मुलांना मोठ्याने सल्ला देऊ नकोस; त्यांचे आईवडील शेजारीच बसलेले असतात आणि तेही तो मोह आवरत असतात. ऊन दिसले तरी स्वेटर न्यायचाच. चिवडा भरपूर घ्या, कारण क्लबच्या चहाबरोबर मिळणाऱ्या काकडीच्या सँडविचने तुम्हा चौघांचे काही भागणार नाही.

सोमवारी वहीच्या त्या पानांचा फोटो मला पाठव.

तुझा,
काका