रग्बीवर पोट भरतं का?

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, पुण्यात क्लबकडून रग्बी खेळतो. बारावीनंतर पूर्णवेळ हेच करायचं म्हणतो. पैसा आहे का यात?

पैसा आहे, पण तो इंग्लंड, फ्रान्स, जपानच्या लीगमध्ये. पंधरा जणांच्या रग्बीत उघडपणे पगार घ्यायची मुभाच मुळी ऑगस्ट १९९५ मध्ये मिळाली. आजही कराराचा भरवसा क्लबच्या तिजोरीइतकाच. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे इंग्लंडच्या अव्वल लीगमधले तीन क्लब बुडाले आणि देशाकडून खेळणारे गडीही नोकरी शोधत फिरले. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली खरी, पण ती सात-सात जणांची आणि जेमतेम दोन आठवड्यांची. तेवढ्यावर घर चालत नाही. पोराला खेळू द्या, कॉलेज मात्र सोडू देऊ नका. वेल्सचा जेमी रॉबर्ट्स देशासाठी खेळता खेळता २०१३ मध्ये डॉक्टर झाला.

प्रश्न : मी कबड्डीत डावा कोपरारक्षक आहे. माझी पकड रग्बीत चालेल का?

निम्मी चालेल. कबड्डीत पकड सुटली की गुण गेला. रग्बीत चेंडूवाला खाली पडला की तुम्हीच त्याला लगेच सोडायचं, नाहीतर पेनल्टी. पहिले काही महिने हात ऐकणार नाहीत. खांद्याच्या वर तर धरायचंच नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोकं कुठे ठेवता ते. चेंडूवाल्याला बाजूने टॅकल करताना, म्हणजे धरून पाडताना, ते त्याच्या पाठीमागच्या अंगाला हवं, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. पुढे गेलं की त्याचा गुडघा तुमच्या कानशिलात बसलाच म्हणून समजा. माझं एकदा चुकलं होतं. त्या सामन्याचा उत्तरार्ध मला आजही लोकांकडून ऐकूनच माहीत आहे.

प्रश्न : डोक्याला मार बसला, पण दहा मिनिटांत बरं वाटलं. पुन्हा मैदानात उतरावं का?

नाही. त्या दिवशी तर नाहीच. आधी डॉक्टर, आणि हौशी खेळाडूने सामन्यात परतायला किमान २१ दिवस. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघातला खेळाडू स्टीव्ह थॉम्पसन याला ४२ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही.

प्रश्न : न्यूझीलंडचा रिची मॅकॉ मोडक्या पायाने खेळला, मग मी सुजलेल्या घोट्याने का नको?

मॅकॉने २०११ च्या विश्वचषकात पायाचा एक्स-रे काढूच दिला नाही, कारण निकाल काय येणार हे त्याला ठाऊक होतं. अंतिम सामना न्यूझीलंडने ८-७ असा जिंकला. तो कर्णधार होता, समोर फ्रान्स होता. तुमच्यासमोर रविवारचा मैत्रीपूर्ण सामना आहे. एक्स-रे काढून घ्या.