लिफ्ट बंद पडण्याआधीच्या नोंदी

प्रश्न : ताई, माझा लिफ्ट देखभालीचा छोटा व्यवसाय आहे. पॅनेलमध्ये प्रत्येक घटनेचा कोड क्रमाने नोंदला जातो. त्यावरून नियम काढून ‘ही लिफ्ट या आठवड्यात बंद पडेल की चालू राहील’ हे ओळखता येईल का? पुतण्या म्हणतो, कोड नुसते मोजले तरी पुरे.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : येईल. आमची लिफ्ट बंद पडली की माझी आई पाचव्या मजल्यावर अडकून पडते, म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

पुतण्याला सांगा, मोजणीत क्रम हरवतो. आधी दार अडकलं आणि मग लेव्हल चुकली (लिफ्ट मजल्याच्या पातळीच्या वर-खाली थांबली), की उलट झालं, हे आकड्यांत दिसत नाही. क्रमातले पॅटर्न शोधायची रीत अगरवाल आणि श्रीकांत या संगणक-संशोधकांनी १९९५ मध्ये मांडली, तीही गिऱ्हाइकांच्या खरेदीसाठी. तुमच्या कोडांना ती तशीच लागू पडते.

समजा, तुमच्याकडे ४०० आठवड्यांच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या ४० आठवड्यांत लिफ्ट बंद पडली. मग डोळे मिटून ‘चालू राहील’ म्हटलं तरी ९० टक्के बरोबर येतं! त्यामुळे ‘दार उघडलं, दार मिटलं, म्हणजे चालू राहील’ या नियमाचा ९० टक्के कॉन्फिडन्स (म्हणजे नियम जुळला त्यातल्या किती वेळा तो खरा ठरला) कवडीच्या मोलाचा. उलट ‘दार अडकलं, मग लेव्हल चुकली’ हे ३० आठवड्यांत दिसलं आणि त्यातल्या २४ मध्ये लिफ्ट बंद पडली, तर ते ८० टक्के खरे मोलाचे, कारण एरवीचं प्रमाण फक्त १० टक्के आहे.

अंतरही बघा. सोमवारी दार अडकलं आणि शनिवारी लेव्हल चुकली, तर क्रम जुळतो, पण मध्ये शेकडो नोंदी गेलेल्या असतात. दोन्ही कोड चार-पाच नोंदींच्या आत आले तरच तो पॅटर्न धरा.

सगळ्यात मोठा घोटाळा रीसेटच्या, म्हणजे लिफ्ट पुन्हा सुरू केल्याच्या, कोडाचा होतो. तो लिफ्ट बंद पडल्यावर मेकॅनिक आल्यानंतर पडतो. नोंदी बंद पडण्याच्या क्षणाआधीच कापल्या नाहीत, तर ‘रीसेट दिसला, म्हणजे बंद पडणार’ हा नियम सगळ्यांत वर येईल आणि उपयोगाला शून्य.

एरवीच्या प्रमाणापेक्षा जास्त काही न सांगणारे नियम आधी काढून टाका; उरलेले कॉन्फिडन्सच्या उतरत्या क्रमाने लावा, जो पहिला जुळेल त्याचं ऐका. कुठलाच नाही जुळला तर ‘चालू’ धरा. पारख मात्र नंतरच्या महिन्यांवर करा, आणि त्यात पावसाळा हवाच. जुलैत लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पाणी शिरलं की लिफ्टचं दुखणंच बदलतं. एप्रिल-मेचे नियम तिथे टिकले, तर मला नक्की कळवा.