जुन्या टीव्ही-कॉमिक्सचे संग्रह घेताना

सुरुवात डॅलेकपासून करा, म्हणजे ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतले धातूच्या कवचातले परग्रहवासी खलनायक. ‘टीव्ही सेंच्युरी २१’ हे ब्रिटिश साप्ताहिक जानेवारी १९६५ मध्ये निघालं. त्याच्या मागच्या पानावर डॅलेकची रंगीत चित्रकथा यायची, आठवड्याला एकच पान, अशी १०४ पानं. मालिकेचा नायक, डॉक्टर, त्यात नाहीच, त्यामुळे ‘डॉक्टर हू’ पाहिलं नसलं तरी अडत नाही. त्यातली चित्रकार रॉन टर्नरची पानं मात्र सावकाश बघा, घाई नको.

‘थंडरबर्ड्स’ या कठपुतळ्यांच्या टीव्ही मालिकेवरची चित्रकथा घेताना जपून. १९६६ पासून फ्रँक बेलामी ती याच साप्ताहिकाच्या मधल्या जोडपानावर काढायचा, चित्रं या पानावरून त्या पानावर सलग जातात. जाड पुस्तकात नेमका तोच भाग शिवणीत गडप होतो. माझ्या एका प्रतीत थंडरबर्ड २ या विमानाचं पोटच गेलंय, अजून हळहळ वाटते. म्हणून पैसे देण्याआधी जोडपान सपाट उघडून काढलेला फोटो मागवाच. थोडा पिवळेपणा चालेल, पण संवादाच्या फुग्यांतली अक्षरं फुटलेली नकोत.

आणि हो, ‘टीव्ही सेंच्युरी २१’च्या पहिल्या अंकावर २०६५ साल दिसेल. ती छपाईची चूक नव्हे. शंभर वर्षं पुढचं वर्तमानपत्र म्हणूनच तो अंक सजवला होता. मुखपृष्ठांसकट छापलेला संग्रह मिळाला तर तोच घ्या.