अडीच लाख किलोमीटर धावलेली पोर्शे ९४४ घ्यावी का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. एखादी जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी आणि सवडीने ती स्वतःच्या हातांनी पूर्ववत करावी, अशी माझी अनेक वर्षांची इच्छा आहे. सध्या १९८७ सालची, अडीच लिटर इंजिनाची, टर्बो नसलेली एक पोर्शे ९४४ पाहण्यात आली आहे. मीटरवर २,६०,००० किलोमीटर दिसतात. गाडी सुरू होते आणि चालते; मात्र डॅशबोर्डला तडे गेले आहेत, रंग फिका पडला आहे आणि विक्रेत्याकडे दुरुस्तीची कागदपत्रे फारशी नाहीत. दुसरी एक ९४४ केवळ १,१०,००० किलोमीटर झालेली आहे, पण ती सात वर्षे गॅरेजमध्ये उभी आहे आणि तिची किंमत बरीच जास्त आहे. ब्रेक, तेल, प्लग यांची कामे मला येतात. इंजिन मात्र मी कधी उघडलेले नाही. इतक्या चाललेल्या गाडीत हात घालावा का, आणि या दोहोंपैकी कोणती निवडावी?

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते ‘कागदपत्रे फारशी नाहीत’ हे वाक्य, त्यामानाने २,६०,००० या आकड्याची मला तितकीशी भीती वाटत नाही. वेळच्या वेळी तेल बदललेले आणि कधी अतितापलेले नसलेले या गाडीचे चार सिलिंडरांचे इंजिन एवढे अंतर सहज कापते. शिवाय या मॉडेलमध्ये मीटरवरील आकड्याला साक्षीदार म्हणून फारशी किंमत देता येत नाही, कारण ओडोमीटरमधील प्लास्टिकचे छोटे दातेरी चाक तुटणे हा ९४४ चा जुना आणि सर्वपरिचित दोष आहे. ते तुटले की वेगाचा काटा नीट चालत राहतो, पण किलोमीटर मोजले जात नाहीत. म्हणून चाचणीच्या फेरीत आकडा पुढे सरकतो का, हे डोळ्यांनी पाहावे, आणि गाडीचे खरे वय पेडलांच्या झिजलेल्या रबरावरून, चालकाच्या आसनाच्या दबलेल्या कडेवरून आणि स्टिअरिंगच्या गुळगुळीत झालेल्या चामड्यावरून ताडून पाहावे. कमी चाललेल्या दुसऱ्या गाडीबाबतही हे तितकेच लागू आहे.

कागदपत्रांचा आग्रह मी धरतो तो एका पट्ट्यासाठी. या इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा, दातेरी रबरी बेल्टवर फिरतो, आणि हा बेल्ट तुटला किंवा त्याचे दात घसरले, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणजे बेल्टच्या दुर्लक्षाची किंमत हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून व्हॉल्व्ह बदलण्याच्या खर्चाने चुकवावी लागते. त्याच्या जोडीला आणखी एक बेल्ट आहे. चार सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाचे कंपन शमवण्यासाठी पोर्शेने दोन बॅलन्स शाफ्ट बसवले, ज्यांचे पेटंट मित्सुबिशीकडून परवान्याने घेतलेले होते, आणि ते शाफ्ट या दुसऱ्या बेल्टवर फिरतात. हा दुसरा बेल्ट तुटून त्याचे तुकडे पहिल्यात अडकले, तरी परिणाम तोच होतो. बेल्ट कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर बदलले याची लेखी नोंद नसेल, तर ते बदललेलेच नाहीत असे समजावे, विक्रेता तोंडी काहीही सांगत असला तरी. रबर अंतराप्रमाणेच वयानेही कडक होते आणि त्याला सूक्ष्म चिरा पडतात, त्यामुळे ‘गाडी फारशी चालली नाही’ हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही.

गाडी घेतलीत तर हेच काम सर्वांत आधी करावे, आणि ते होईपर्यंत ती घरी आणण्यापलीकडे चालवू नये. दोन्ही बेल्टांबरोबर त्यांचे रोलर, पाण्याचा पंप आणि पुढच्या बाजूचे ऑइल सील बदलून घ्यावेत, कारण या सर्वांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच आहे आणि तो पुन्हा उघडणे म्हणजे तेच श्रम दुसऱ्यांदा करणे होय. आपण इंजिन कधी उघडलेले नसल्यामुळे हे पहिले काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे आणि शक्य झाल्यास शेजारी उभे राहून शिकावे. बेल्टचा ताण मोजण्याच्या उपकरणानेच ठरवावा लागतो. जास्त ताणला तर पंपाचे बेअरिंग झिजते आणि सैल राहिला तर दात घसरतात. नवा बेल्ट थोडे अंतर चालल्यावर किंचित सैलावतो, म्हणून ताण पुन्हा एकदा तपासणे आवश्यक असते.

कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचे झाकण उघडल्यावर दुधाळ, साईसारखा थर दिसला, तर ‘हेड गॅस्केट गेले’, म्हणजे हेडखालचे सील निकामी झाले, असे ऐकायला मिळेल. या गाडीत तसे असेलच असे नाही. इंजिनाच्या कडेला पाण्याने तेल थंड करणारा ऑइल कूलर असतो, आणि त्याचे सील जुने झाले की तेल कूलंटमध्ये शिरते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असल्याने पाण्यात तेल येते, पण डिपस्टिकवरील तेल बहुधा स्वच्छच राहते. ही दुरुस्ती कंटाळवाणी आहे, पण हेड गॅस्केटइतकी मोठी नाही. मात्र हा फरक ओळखता आल्यास किंमत ठरवताना आपली बाजू भक्कम राहते.

क्लचबाबत मी आपल्याला आग्रहाने सावध करतो. ९४४ चे इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे, आणि दोहोंना एक लांब नळकांडे जोडते. वजनाची समान वाटणी आणि वळणावरचा तो विलक्षण तोल या रचनेमुळेच लाभला आहे, पण क्लच पुढे इंजिनापाशीच असल्याने तो बदलण्यासाठी एक्झॉस्ट काढून, गिअरबॉक्स उतरवून, ते नळकांडे मागे सरकवावे लागते. मूळ क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असते आणि ते जुने झाल्यावर फाटते. क्लच सोडताना धक्का बसत असेल किंवा खालून ठोके ऐकू येत असतील, तर हे काम डोक्यावर आहेच असे धरून किंमत बोलावी.

पत्र्याच्या बाबतीत ९४४ भाग्यवान आहे, कारण तिची बॉडी जस्ताचा थर दिलेल्या पोलादाची असल्याने ती तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा कमी गंजते. तरीही बॅटरीखालची तबकडी जरूर पाहावी. तिथला पत्रा ॲसिडने खाल्ला जातो आणि पावसाचे पाणी सरळ आत उतरते, म्हणून पायाखालचा गालिचा उचलून हात लावून बघावा. दारांखालच्या पट्ट्यांवर बोट दाबून पाहावे. अपघातानंतर वेल्डिंग झाले असेल, तर त्या जागी जस्ताचे संरक्षण उरलेले नसते आणि गंज तेथूनच पसरतो. यांत्रिक भाग एकामागून एक बदलता येतात, परंतु गंजलेला सांगाडा नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यामुळे येथे खोल गंज आढळला तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी माघार घ्यावी.

आता उभ्या असलेल्या गाडीविषयी. फार वर्षांपूर्वी मी स्वतः कमी किलोमीटरच्या मोहाने सहा वर्षे उभी असलेली एक स्पोर्ट्स कार घेतली होती. पहिल्या चार महिन्यांत ब्रेकचे पिस्टन अडकले, कूलंटची नळी फुटली, इंजिनाच्या पुढच्या सीलमधून तेल ठिबकू लागले, आणि सर्वांत वाईट म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी पाझरू लागली. वास वेळीच आला म्हणून गाडी वाचली. ९४४ मध्येही इंजिनावरील पेट्रोलच्या नळ्यांचे जुने रबर आगीला निमंत्रण देते, त्यामुळे कोणतीही गाडी घेतली तरी त्या नळ्या ताबडतोब बदलाव्यात. सात वर्षे निजलेल्या गाडीसाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही. बॉडी निकोप असेल आणि बेल्ट व क्लच यांचा खर्च किमतीतून वजा होत असेल, तर मी जास्त चाललेली, पण रोज जागी असलेली गाडी घेईन.

प्रश्न : विक्रेता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांमधील दाब, तपासू देण्यास तयार आहे. आकड्यांवरून नेमके काय समजून घ्यावे?

उत्तर : इंजिन पूर्ण तापलेले, चारही प्लग काढलेले, पेट्रोल व ठिणगी बंद केलेली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीतच मोजणी करावी, थंड इंजिनाचे आकडे फसवे असतात. एखाद्या सिलिंडरचा आकडा किती मोठा आहे यापेक्षा चारही आकडे एकमेकांशी किती जुळतात हे अधिक बोलके असते, आणि त्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत नसावी. एक सिलिंडर मागे पडला, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, असे समजावे. त्यानंतर एक फेरी मारून धूर पाहावा. जोर देताना निळा धूर निघाला तर रिंगांचा संशय घ्यावा. उतारावर पाय काढून ठेवल्यानंतर पुन्हा दाबताच निळा झोत आला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत, आणि ही दुरुस्ती तुलनेने सोपी आहे. गाडी चालता चालता अचानक बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असल्यास इंजिनाला दोष देण्यापूर्वी डीएमई रिले, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला व पेट्रोल पंपाला वीज पुरवणारा छोटा स्विच, बदलून पाहावा. त्याच्या आतील झाळणीला तडे जातात, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेकांनी चांगले पेट्रोल पंप फेकून दिले आहेत.

प्रश्न : आधी रंग करून घ्यावा की आधी यांत्रिक कामे?

उत्तर : रंग शेवटी. इंजिनावर वाकताना कमरेचा पट्टा, पाने, कोपरे हे सारे पुढच्या पत्र्याला घासतच राहतात. बेल्ट व पेट्रोलच्या नळ्यांनंतर ब्रेक आणि कूलिंग, मग सस्पेन्शनची रबरे असा क्रम ठेवावा, आणि एका वेळी एकच व्यवस्था उघडावी, म्हणजे दर सुट्टीच्या शेवटी गाडी पुन्हा चालण्याजोगी राहील. सारी गाडी एकदम सोडवणाऱ्यांच्या गाड्या बहुधा डब्यांमध्येच विकल्या जातात. रंगाआधी मागच्या काचेच्या दाराभोवतीचे रबर मात्र बदलून घ्यावे, कारण तेथून पाणी थेट मागील फळीखाली झिरपते.