ग्रुपबरोबर डोंगरात जाताना

प्रिय,

तुझी यादी मिळाली. बूट कोणते, सॅक केवढी, काठी हवी की नको, सगळं विचारलंयस. ज्यांच्याबरोबर निघायचंय त्या ग्रुपबद्दल मात्र एकही प्रश्न नाही. मी तिथूनच सुरुवात करतो.

पैसे भरण्याआधी लीडरशी बोलून घे. वाट किती किलोमीटरची, चढ किती मीटरचा, माणसं किती, त्यातल्या कितीजणांना वाट माहीत आहे, सगळ्यांत मागे कोण चालणार, हवा बिघडली तर परत कुठून फिरायचं. ‘सोपं आहे हो, लहान मुलंही येतात’ एवढ्यावर बोळवण झाली, तर दुसरा ग्रुप बघ. चांगला लीडर उलट तुझीच चौकशी करतो: दमा आहे का, गुडघा दुखतो का, कुठलं औषध चालू आहे. तेव्हा ट्रेकला नेणार नाहीत या भीतीने काही लपवू नकोस.

किलोमीटरच्या आकड्याला भुलू नकोस. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला, तो अजूनही वापरतात. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला त्यावर आणखी एक तास. म्हणजे 10 किलोमीटरची वाट आणि 900 मीटर चढ असेल तर साडेतीन तास. हा हिशेब सरावलेल्या पायांचा, आणि त्यात विश्रांती, जेवण, फोटो काहीच धरलेलं नाही. मोठ्या ग्रुपला याच्या दीडपट वेळ सहज लागतो. म्हणून दुपारी परतायचं ठरलं असलं तरी हेडलॅम्प सॅकमध्ये हवाच. मोबाइलची बॅटरी टॉर्चसाठी जाळायची नसते, ती अडचणीत फोन करायला राखायची.

सरावाला जिने उत्तम. चढायचा सराव सगळे करतात, उतरायचा कुणी करत नाही, आणि गुडघे कुरकुरतात ते उतारावरच. थोडं वजन पाठीवर घेऊन दोन्ही कर.

बूट महाग नसले तरी चालतील, पण नवेकोरे नकोत. आधी रोजच्या चालण्यात वापरून घे. पायाची नखं कापलेली असू देत, नाहीतर उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटून दुसऱ्या दिवशी काळी पडतात. उतार सुरू व्हायच्या आधी नाडी सोडायची, टाच मागे दाबायची आणि घोट्याशी पुन्हा आवळून बांधायची. टाचेला कुठे चुरचुरलं की तिथल्या तिथे थांब. मोजा काढ, खडा-माती झटक, पाय कोरडा कर, चिकटपट्टी लाव. पाच मिनिटांचं काम आहे. पण ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा’ असं वाटून लोक दात-ओठ खात चालत राहतात, आणि मग फोड फुटलेल्या माणसाला घेऊन अख्खा ग्रुप रखडतो.

हा संकोच मला बुटांपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. दम लागला, चक्कर आली, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, पाय धरत नाहीये, जे असेल ते लगेच बोल. सावकाश चालणाऱ्यांची एक खास गोची असते. पुढचे टेकतात, पाणी पितात, गप्पा मारतात, आणि शेवटचा पोचला की ‘चला!’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. तसं झालं तर सरळ सांग, मला पाच मिनिटं बसायचंय. तुझा वेग चांगला असेल तर तू हे दुसऱ्यासाठी सांग. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. आडोशाला जायचं झालं तरी कुणाला तरी सांगून जा.

कपड्यांचं थोडक्यात. सुती कपडा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गार पडतं. दर 1000 मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा खालची हवा बघून वरचे कपडे ठरवू नकोस. गडगडाट ऐकू आला तर माथा आणि एकटं झाड सोडून खाली यायचं.

शिट्टी सॅकच्या तळाशी नको, पट्ट्याला बांध. मदतीचा इशारा असा: एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटाला तीन वेळा शिट्टी ऐकू आली की समज, कुणीतरी तुझं ऐकलंय. रात्री हेच टॉर्चने करतात. वाट आणि परतायची वेळ कुणाला तरी लिहून देऊन ठेव, परत पोचल्यावर त्यांना फोन कर. नाहीतर तू घरी झोपलेला असताना लोक डोंगरात तुला शोधत फिरतील.

काठीचं विचारलंयस. उतारासाठी घे, पण आधी जिन्यावर वापरून बघ. लीडरशी बोलणं झालं की अंतर आणि चढ मला कळव, वेळेचा हिशेब दोघं मिळून मांडू.

तुझा,
काका