वाचकांचे प्रश्न : उत्सवाचा हिशेब आणि विनामूल्य साधने

प्रश्न : सत्तरी तालुक्यातील आमच्या गावच्या उत्सव समितीचा मी चिटणीस आहे. जत्रेची वर्गणी, नाटकाच्या तालमी, सभांची इतिवृत्ते हे सारे पूर्वी वह्यांत असे. आता निम्मे वहीत, निम्मे व्हॉट्सॲपच्या गटात आणि उरलेले कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. तरुण मंडळी सतत नवनवी ॲप सुचवतात. पैसे खर्च न करता हे काम आटोपशीर कसे करावे?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : नवे ॲप घेण्याआधी आहेत तीच कमी करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कामाला एक सामायिक तक्ता (गूगल शीट्स), एक दिनदर्शिका आणि कागदपत्रांसाठी एक फोल्डर एवढे पुरेसे असून गूगलच्या विनामूल्य खात्यात या तिन्ही सोयी मिळतात. व्हॉट्सॲप निरोपापुरते ठेवावे. मागच्या चवथीला कोणी किती दिले हे त्यात शोधू लागले, तर शुभेच्छांचे शेकडो संदेश उपसावे लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट खात्याची आहे. ते चिटणिसाच्या नावाचे नसावे, समितीच्या नावाने स्वतंत्र उघडावे आणि त्याचा पासवर्ड खजिनदाराकडे बंद पाकिटात असावा. कारण समिती बदलते, आणि जुना चिटणीस नोकरीसाठी परगावी गेला की हिशेबही त्याच्याबरोबर जातो. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करून त्यातील सामग्री पुसू शकते, हेही ध्यानात ठेवावे. मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, फोटो आणि फाईल या सर्वांत मिळून असते. जत्रेचे व्हिडिओ त्यात भरले तर ती हां हां म्हणता संपते आणि मग ईमेल येणेही थांबते. व्हिडिओ वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत.

वर्गणीच्या तक्त्यात पावती क्रमांक, तारीख, नाव, वाडा, रक्कम, रोख की यूपीआय, आणि यूपीआय असल्यास बारा अंकी व्यवहार क्रमांक असे रकाने करावेत. वाड्याचे नाव दर वेळी टंकित न करता यादीतून निवडण्याची सोय लावावी. तसे न केल्यास ‘वरचा वाडा’ आणि ‘वरचावाडा’ हे संगणकाच्या लेखी दोन वाडे ठरतात आणि बेरीज जुळत नाही. रकमेच्या रकान्यात नुसता आकडा असावा, ‘रु. ५०१/-’ असे लिहिले की तो मजकूर समजला जातो आणि बेरजेतून गळतो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये, बँकेच्या नोंदीशी क्रमांक ताडून मगच पावती फाडावी. (एवढ्यावरून गावात जे वाद होतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत.)

तक्ता लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच द्यावा, बाकीच्यांना केवळ पाहण्याचा. कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास तक्त्यात आपोआप राहतो आणि चुकून पुसलेले परत आणता येते, ही सोय वहीत नव्हती. आपल्या भागात पावसाळ्यात नेटवर्क जाते. म्हणून मोबाइलमधील ॲपवर हा तक्ता ऑफलाइन उपलब्ध करून ठेवावा, म्हणजे तेव्हा केलेली नोंद नेटवर्क येताच आपोआप वर चढते. शिवाय महिन्यातून एकदा तो संगणकावर उतरवून घ्यावा. लिब्रे ऑफिस या मुक्त प्रणालीत तो इंटरनेटशिवायही उघडतो.

दिनदर्शिकेत तालमी दर आठवड्याच्या पुनरावृत्तीने खुशाल नोंदवाव्यात. जत्रेची नोंद मात्र तशी करू नये. ती तिथीने येते आणि दिनदर्शिका इंग्रजी तारीख धरून चालते. त्यामुळे पुढच्या वर्षी सूचना भलत्याच दिवशी येईल. नवे पंचांग हाती आले की वर्षभराच्या तिथी एकदाच बसून भराव्यात.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक अक्षरे दिसतात. तो पुन्हा टंकित करावा लागेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुधा नाही. जुन्या फॉण्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत; तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर मूळ रोमन चिन्हेच दिसतात. नेमका कोणता फॉण्ट वापरला होता हे छापखान्यात विचारून त्यातील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून देणारे परिवर्तक वापरावे; काही परिवर्तके विनामूल्य आहेत. नंतर रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. फाईल हरवून केवळ छापील प्रत उरली असेल, तर पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून संगणकावरून तो गूगल डॉक्समध्ये उघडावा. त्यातील मराठी मजकूर बऱ्यापैकी उतरून येतो, परंतु दोन स्तंभांचे पान असल्यास ओळींची सरमिसळ होऊ शकते, म्हणून प्रत्येक स्तंभाचा फोटो वेगळा घ्यावा. यापुढची स्मरणिका मुक्ता किंवा नोटो यांसारख्या विनामूल्य युनिकोड फॉण्टमध्ये करावी आणि छापखान्याकडून पीडीएफबरोबर मूळ फाईलही मागून घ्यावी.